कोरडं खडखडीत

पाऊस आला की माणूस छत्री स्वतःच्या डोक्यावर धरतो, असा माझा साधा समज होता. मानेकाकांना पहिल्यांदा पाहिलं त्या सकाळी तो गेला. ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या भाड्याच्या घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर शेजारच्या मागच्या अंगणात एक साठी ओलांडलेले गृहस्थ उभे. अंगात ड्रेसिंग गाऊन, पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, केसांतून पाणी निथळतंय, आणि हातातली भलीमोठी काळी छत्री धरली आहे एका निवडुंगावर. निवडुंग कोरडा, गृहस्थ ओलेचिंब. मी घाबरून नवऱ्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, हे बघ काय." तो आला, बघितलं, "असेल काहीतरी कल्चरल," म्हणाला आणि ट्रेन पकडायला निघून गेला.

माझी हाक कुंपणापलीकडे पोचली असणार. गृहस्थांनी मान वळवली, मोकळा हात वर केला आणि अस्सल जत तालुक्यातल्या मराठीत विचारलं, "नवीन आलाय व्हय? च्या झाला का?"

हे आमचे मानेकाका.

ऑकलंडला एका दिवसात चार ऋतू होतात, असं इथली माणसं मोठ्या कौतुकानं सांगतात. त्या चारांपैकी तीन ऋतूंत पाऊस असतो, हे मात्र सांगत नाहीत. अशा गावात, जिथे दोन महिने लक्ष दिलं नाही तर मोटारीच्या काचेच्या रबरावरसुद्धा शेवाळ उगवतं, मानेकाकांनी घरामागे वाळवंट केलेलं आहे. वाळवंट म्हणजे हौसेच्या चार कुंड्या नव्हेत. हिरवंगार लॉन खणून काढलं, जमिनीला उतार दिला, खाली पाइप घातले, वर खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळू. त्यावर पारदर्शक पत्र्याचं एक छप्पर, तेही चाकांवर. छपराला दोर, दोर कप्पीवरून थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी. फोनवर पावसाचा नकाशा सतत उघडा. ढग डोंगर उतरायला लागला की काका हातातला घास टाकून उठतात आणि दोर ओढतात. जी झाडं छपराबाहेर राहतात त्यांच्यासाठी छत्री. काकांसाठी काही नाही.

यातली खरी गंमत अशी की हा माणूस इंजिनियर, आणि तोही पाण्याचा. गावाकडे असताना पाटबंधारे खात्यात कालवे आखले. नंतर इकडे येऊन एका कंपनीत गटारं आणि नाले आखले. "निम्मं आयुष्य पाणी आणण्यात गेलं, निम्मं घालवण्यात," असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. पाण्याबद्दल त्यांचं मत वाईट आहे. पाण्यानं माणूस बिघडतो, मग झाडाचं काय घेऊन बसलात, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि कशाचंही कौतुक करायचं झालं की एकच शब्द: कोरडं खडखडीत. हवा चांगली असेल तर कोरडी खडखडीत. घर चांगलं असेल तर कोरडं खडखडीत. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना मुलगा झाला तेव्हा काका बाळ बघून आले आणि मला म्हणाले, "ब्येस हाय पोरगं. कोरडं खडखडीत." आता नुकत्याच जन्मलेल्या बाळाबद्दल हे किती वेळ खरं राहणार!

झाडांना त्यांनी खात्यातली नावं दिली आहेत. कोरफडींची रांग म्हणजे ओव्हरसियर. उंच, खांबासारखा निवडुंग तो उपअभियंता, कारण तो नुसता उभा असतो. आणि मधोमध, पाणी निचरून जावं म्हणून सिमेंटच्या उंच ठोकळ्यावर ठेवलेली एक कुंडी, तिच्यात नारळाएवढा गोल, पांढऱ्या काट्यांचा निवडुंग. ते साहेब.

ऑगस्ट सरत आला, म्हणजे इथला हिवाळा संपत आला, की या खात्यात धांदल उडते. थंडी पुरती गेलेली नसते, माणसं अजून दोन स्वेटरांत असतात, आणि इकडे ओव्हरसियर मंडळींच्या डोक्यांवर भगवे तुरे येतात. तुई पक्षी त्यातला मध पिऊन बेताल होतात आणि सकाळी सहाला असं काही बरळतात की झोपेचं खोबरं. वाळूवर पसरलेल्या मांसल पानांच्या वेलीला जांभळी फुलं येतात, ती ऊन पडलं की उघडतात आणि ढग आला की मिटतात. सगळं खातं फुलतं. साहेब तेवढे ढिम्म. तीन वसंत मी पाहिले, साहेबांनी एक कळी दाखवली नाही. काका म्हणायचे, "साहेबांची सही झाल्याबिगर काम पुरं न्हाई." हिवाळाभर पाण्याचा थेंब लागला नाही, मुळाशी ओल राहिली नाही, तरच त्या जातीला फूल येतं म्हणे. फूल आलं म्हणजे जागा खरोखर कोरडी झाली, असा त्यांचा हिशेब.

मी या माणसाची एवढी का ऋणी आहे तेही सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल. पहिल्या हिवाळ्यात आमच्या लेकीला, ओवीला, खोकला लागला तो काही जाईना. औषधं झाली, वाफारे झाले. मी स्वतः फार्मसीत काम करते, पण घरच्या खोकल्यापुढे माझी अक्कल चालेना. एका रविवारी मानेकाका न बोलावता आले, बूट काढले, ओवीच्या खोलीत गेले आणि भिंतीला नाक लावून वास घेतला. म्हणाले, "पोरीला काय न्हाई झालेलं. पडसं ह्या भिंतीला झालंय." मग बॅटरी घेतली आणि चक्क आमच्या लाकडी घराच्या खाली सरपटत गेले. छपरावरचं पाणी खाली आणणारा पाइप सांध्यातून सुटला होता आणि सगळा पाऊस ओवीच्या पलंगाखाली मुरत होता. काका चिखलानं माखून बाहेर आले, घरमालकाशी स्वतः बोलले आणि पुढचे दोन शनिवार त्याच्या माणसाच्या डोक्यावर उभे राहिले. महिन्याभरात खोकला गेला. मी डबा भरून पुरणपोळ्या नेऊन दिल्या तर म्हणाले, "हे कशाला? घर कोरडं झालं ना, बास." त्या दिवसापासून मी देवाचं नाव घेते तेव्हा मागोमाग एक नाव मनात येतंच. ओवी त्यांना अजूनही 'ड्राय काका' म्हणते. हाक मारली की ते म्हणतात, "स्वीट ॲज, बाळ," म्हणजे झकास, आणि हे इंग्रजीसुद्धा जतमधूनच येतं.

काकांच्या घरात एक काकीही होत्या. शालनकाकी. आम्ही आलो त्याच्या आदल्याच वर्षी त्या जतला भावाकडे गेल्या होत्या. गुडघ्यांना इथली थंडी सोसत नाही, उन्हाळ्यात येईल, असं काका सांगायचे. उन्हाळे आले आणि गेले. रोज दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या सकाळी, अंगणातून काकांचा आवाज यायचा, "जेवलो. व्हय, भाकरीच. तू कशी हायस?" मी कधी जास्त विचारलं नाही. परक्या मुलखात माणसं जेवढं सांगतात तेवढं ऐकावं.

मग यंदाच्या जुलैत काकांनी चहा पिता पिता सहज जाहीर केलं की या वसंतात साहेबांना फूल आलं तर ठीक, नाहीतर हे सगळं उपटून, घर विकून आपण गावी चाललो. मला वाटलं थट्टा करतायत. पण कप खाली ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून मीही रोज सकाळी आधी खिडकीतून साहेबांकडे बघायला लागले.

आणि नेमक्या त्याच सुमारास माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई चिपळूणकडच्या. त्यांच्याकडे पाणी आकाशातून येतं, विहिरीतून येतं, कधी कधी दारातूनही आत येतं. आल्या त्या दिवशी विमानतळावर त्यांच्या पिशवीतली तुळशीच्या मंजिऱ्यांची पुडी गोड बोलून काढून घेतली गेली. झाडपाला, बी-बियाणं इथे आणू देत नाहीत. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. आंघोळ झाल्यावर तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्यांच्या तोंडात चहा जात नाही, आणि इथे तुळस कुठली? दोन दिवस त्या बिनपाण्याच्या तुळशीसारख्या बसून होत्या. तिसऱ्या दिवसापासून एकदम खुशीत. मी मनात म्हटलं, रुळल्या.

काका तेव्हा क्राइस्टचर्चला गेले होते, तिथल्या रिकार्टन भागात जुन्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. जाताना छप्पर पूर्ण ओढून मला बजावून गेले होते: काही करायचं नाही, हेच काम. मी ते चोख केलं. सकाळी उजाडायच्या आत कामावर जायचे, संध्याकाळी यायचे, कुंपणापलीकडे बघून साहेब जागेवर आहेत याची खात्री करायचे. अंधारात तेवढंच दिसायचं.

काका आले शनिवारी सकाळी. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडे बॅग ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. कुंपणाची एक फळी निखळलेली आहे, तिथून मी वाकून पलीकडे गेले. काका साहेबांपुढे उभे होते. साहेबांच्या डोक्यावर हळदीकुंकू. काट्यांत अडकलेलं एक कॅमेलियाचं फूल. कुंडीतली वाळू काळीभोर, ओली गच्च, आणि ठोकळ्यापाशी उदबत्तीची काडी.

मागून सासूबाई आल्या, हातात तांब्याचा तांब्या, अगदी प्रसन्न. म्हणाल्या, "तुम्हीच का हो माने? छान केलंयत वृंदावन. तुळस नसली तरी काय, भाव महत्त्वाचा. झाड बिचारं तहानलेलं होतं हो, आठवडाभर घातलं पाणी, आता कसं टवटवीत दिसतंय."

मला वाटलं आता काका ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची काय चूक न्हाई." मग वाकून त्यांनी ती कुंडी उचलली, काटे हाताला टोचत होते तरी दोन्ही हातांनी धरून, आणि आत गेले.

खरं काय ते मी सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या घाबरट नाहीत. पदर खोचला आणि फळीतून वाकून तडक काकांच्या घरात. आत काकांनी साहेबांना कुंडीतून बाहेर काढलं होतं. ओली मुळं वर्तमानपत्रावर पसरली होती आणि कुजलेली ती कात्रीनं कापत होते. गरम पाण्याची टाकी असलेलं एक कपाट असतं इथल्या घरांत, लोक त्यात टॉवेल वाळवतात. त्यातला वरचा कप्पा रिकामा करून काकांनी साहेबांना कागदात गुंडाळून आत ठेवलं. दार लावलं. मग खुर्चीवर बसले आणि काटे काढायला लागले, बोटांतले.

सासूबाई समोर बसल्या, चिमटा त्यांच्या हातातून घेतला आणि काटे काढता काढता सरळ विचारलं, "माने, खरं सांगा. एका झाडासाठी माणूस घर विकत नाही. काय आहे हे?"

मी तीन वर्षं जे विचारलं नाही ते त्यांनी एका वाक्यात विचारलं. आणि काका सांगायला लागले.

शालनकाकींचं वाळवण जत तालुक्यात नावाजलेलं. कुरडया, शेवया, सांडगे, पापड. उन्हाळा आला की पाच घरच्या बाया त्यांना बोलवायच्या, चीक कधी उतरवायचा ते शालननं सांगायचं. इथे आल्यावर त्यांनी दर वर्षी प्रयत्न केला. गहू भिजवा, वाटा, चीक शिजवा, सोऱ्यातून पाडा, आणि मागच्या लाकडी डेकवर पसरलं की तासाभरात पाऊस. आत आणलं की बुरशी. काकांमधला इंजिनियर जागा झाला, त्यांनी पंखे लावले, हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं, मग हे अंगण खणलं. दोन वेळा त्यांनी काकींना छातीठोकपणे सांगितलं की आता जागा कोरडी आहे, घाल वाळत. दोन्ही वेळा कुरड्यांना हिरवी लव आली. दुसऱ्या वेळी काकींनी पाटच्या पाट उचलून खतात ओतले, हात धुतले आणि म्हणाल्या, "हितं माझं कायच वाळत न्हाई." त्या रागावल्याही नव्हत्या. नुसतं सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात गुडघ्यांचं निमित्त करून गेल्या.

"आता तिसऱ्यांदा खोटं पडायचं न्हाई," काका म्हणाले. "म्हणून झाडं लावली. झाड खोटं बोलत न्हाई. साहेबाला फूल आलं की मगच बोलावणार तिला. न्हाई आलं तर मीच जातो. पण तिथं तिचं सगळं हाय, माझं काय हाय? कालवा तेवढा हाय, त्याला बी पाणी न्हाई."

चहा कुणी केला नाही. त्या दिवशी माझ्याच्यानं स्वयंपाकही झाला नाही.

सासूबाईंनी मात्र प्रायश्चित्त सुरू केलं. पहाटे उठून त्या पावसाच्या पहाऱ्यावर बसायच्या. चिपळूणच्या बाईला ढग नकाशात बघावा लागत नाही, वासावरून कळतो. "माने, आला हो," अशी हाळी फळीतून गेली की काका दोर ओढायचे. दुसऱ्या बाजूचा शेजारी बॅरी मला विचारून गेला की तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, कल्चरल आहे.

सप्टेंबर उजाडला. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानापाशी, कोवायची झाडं फुलांनी पिवळीधमक झाली. साहेब कपाटातून बाहेर येऊन नव्या कोरड्या वाळूत बसले होते, किंचित तिरके. आणि एका सकाळी सासूबाईंनी मला झोपेतून ओढत नेलं. साहेबांच्या डोक्याभोवती इवल्या इवल्या राणी रंगाच्या फुलांची ओळ, अगदी मुंडावळी बांधावी तशी. फक्त अर्ध्याच डोक्यावर. जिथे हळदीकुंकू पडत होतं तो भाग कोराच.

मला तर आनंदानं रडायलाच यायला लागलं. मी काकांना म्हटलं, सही झाली, लावा फोन. काका फुलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई. टेस्ट बाद झाली. मधी पाणी पडलं. आता हे फूल कोरड्यानं आलं का पाण्यानं आलं, कोण सांगणार?"

"पाण्यानंच आलं," सासूबाई म्हणाल्या. "तुळशीचं पाणी ते."

पण काकांचा चेहरा बघून त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माने, पापड वाळतात का हे निवडुंगाला काय विचारता? पापड वाळत घालून बघा की."

एवढी साधी गोष्ट. इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आली नव्हती. काकांच्या आली असणार, कारण ते लगेच म्हणाले, "आणि खराब झालं तर?" मग कळलं, या माणसाला निवडुंग मेलेला चालत होता. पापड मेलेला बघवला नसता.

सासूबाईंनी इंडियन दुकानातून पापडखार आणायला मला पिटाळलं, पोहे दळले, पीठ कुटलं, आणि माझी कंबर मोडेपर्यंत माझ्याकडून पोह्याचे पापड लाटून घेतले. काकींची कुरडई नव्हे ती, कोकणातला पापड, पण वाळायचं दोघांनाही सारखंच. ओव्हरसियर आणि उपअभियंत्यांच्या मधल्या खडीवर चादर घातली, साहेबांच्या देखरेखीखाली पापड पसरले. दोन दिवसांत तीन सरी येऊन गेल्या. छपरावर पाणी वाजायचं आणि काका घरात खिडकीकडे पाठ करून बसायचे. बघायला आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चारच्या आत सासूबाईंनी एक पापड उचलला, उन्हाकडे धरला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला, जसा आमच्या भिंतीचा घेतला होता. मग छपराबाहेर, जिथे फोनला रेंज बरी मिळते तिथे जाऊन उभे राहिले आणि फोन लावला. पडद्यावर काकी दिसल्या, डोक्यावर पदर, मागे जतचं पांढरंफटक ऊन.

काकांनी पापड फोनजवळ नेला आणि मोडला.

कट्ट.

काकी पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "आणिक एक मोडा."

सासूबाईंनी दुसरा पापड पुढे केला. काकांनी तोही मोडला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

मग काकींचा आवाज आला, अगदी रोजचा, भाजी विचारावी तसा. "खपली गहू मिळतो का वं तिकडं? दुसऱ्याचा चीक चिकट हुतोय."

आणि तेवढ्यात आमच्या ऑकलंडनं आपला गुण दाखवला. ऊन तसंच होतं आणि पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. काका जागचे हलले नाहीत. छप्पर उघडं, साहेब उघडे, पापड उघडे, आणि हा माणूस फोनकडे बघत उभा. मी धावत जाऊन दोर ओढला. सासूबाईंनी दाराआडची ती काळी छत्री घेतली, उघडली आणि टाचा उंचावून काकांच्या डोक्यावर धरली.

फोनमधून काकींनी विचारलं, "पाऊस लागला व्हय?"

काकांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. त्यातलं पावसाचं किती ते मला सांगता येणार नाही.

"न्हाई गं," ते म्हणाले. "कोरडं खडखडीत हाय. तू ये."